परतीची खूण

ब्लेडकाकांचं खरं नाव नाटकगृहाच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच पडून होतं. दारवानापासून पहिल्या व्हायोलिनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते ब्लेडकाकाच. तळघरातल्या स्वरलिपींच्या खोलीत बसून पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. वाद्यवृंदातल्या प्रत्येकाला समोर ठेवायला स्वतःचा कागद लागतो. चेलोवाल्याला चेलोचा, बासरीवाल्याला बासरीचा. मूळ वहीतून ते कागद उतरवून काढायचे, आणि उतरवताना सूर चुकलाच तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई अशी खरवडायची, की खुद्द कागदालाही पत्ता लागू नये. दुसऱ्यांच्या चुकाही ते अशाच खरवडत. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, तरी टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच.

या कामाला मान नाही, हे एकदा सांगून टाकलेलं बरं. कागद बरोबर असला तर कोणी म्हणत नाही, वा, काय बरोबर कागद आहे! चुकला तर मात्र साठ माणसं वाजवायची थांबतात आणि सगळी एकाच दिशेला बघतात. काकांवर तशी पाळी कित्येक वर्षांत आली नव्हती. ‘माझ्या हातचा कागद डोळे मिटून वाजवा,’ असं ते म्हणत. फुशारकी काय ती एवढीच. बाकी माणूस गरीब.

वय एकोणसाठ. मानेचे मणके झिजलेले, उजव्या हाताचा अंगठा सकाळी तासभर वळायचाच नाही, आणि तळघरातल्या पाइपांची घरघर डोक्यात इतकी बसलेली की रविवारी घरी ती ऐकू आली नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. लोक अशा वेळी दिवस मोजतात म्हणे. काकांना मोजायचाही कंटाळा आला होता.

अशात नव्या कंडक्टरबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. वाद्यवृंदापुढे काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या या बाई पस्तिशीच्या, हुशार, आणि दिवसाला चार कल्पना सुचणाऱ्या. त्यातल्या तीन दुपारपर्यंत आपल्या मरणाने मरत. ही चौथी होती.

“काका, तीनशे वर्षांपूर्वीची गंमत बघा,” त्या दारातूनच म्हणाल्या. “तेव्हा ऑपेराचे शब्द लिहिणारा कवी एक आणि त्याला चाली लावणारे दहा. यंदा या दरबारात एकाची चाल, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात दुसऱ्याची. शब्द तेच! आपण एकच आरिया घेऊ. चार संगीतकार, चार चाली, एकाच कार्यक्रमात एकामागून एक.”

“कुठली आरिया?”

“राणीची. ‘जा, निघून जा.’”

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. तो स्वच्छच होता.

आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं. हे गाणं राणी सोडून जाणाऱ्या राजपुत्राला म्हणते. त्याचे दोन भाग. पहिल्यात ती म्हणते, ‘जा, निघून जा, वाऱ्याला मी कशी धरून ठेवू?’ दुसऱ्यात म्हणते, ‘पण दिवा तेवतोय तोवर दार लावणार नाही.’ तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या बरोक काळाची रीत अशी, की दुसरा भाग संपला की गाण्याने परत पहिल्या ओळीवर जायचं आणि पहिला भाग पुन्हा अख्खा गायचा. मग तो दुसऱ्यांदा लिहायचे कष्ट कोण घेणार? शेवटी नुसती एक खूण करायची: मागे जा. ही परतीची खूण त्या काळच्या बहुतेक आरियांच्या शेवटी असतेच असते.

“चारही चाली एकाखाली एक मांडून द्या मला, एकाच मोठ्या कागदावर,” बाई म्हणाल्या. “म्हणजे कोणी कुठे काय केलंय ते लोकांना दाखवता येईल. आणि पुस्तिकेसाठी एक पानभर टीप लिहा. तिघांच्या मूळ वह्यांचे फोटो आलेत. तिसरी चाल तर आपल्याकडेच आहे ना? इथे झालीय पूर्वी.”

“झालीय,” काका म्हणाले. “एकतीस वर्षांपूर्वी.”

“तरी तिच्याही वहीचे फोटो मागवलेत. ताडून बघा.”

काकांना कामाची हौस उरली नव्हती, सवय मात्र होती. ते मान मोडून बसले आणि चौघांना चार नावं देऊन मोकळे झाले. पहिला संगीतकार तापट. त्याने ‘जा’ या शब्दावरच व्हायोलिनांचा असा कडकडाट लावला होता, की राजपुत्र पायात जोडे घालायलाही थांबला नसता. दुसरा गोडबोल्या. दोन बासऱ्या आणि पाळण्यासारखा ठेका. त्याची राणी निरोप देतेय की जोजवतेय, कळायला मार्ग नाही. चौथा सर्कसवाला. ‘वारा’ म्हटलं की चौघांनाही राहवत नव्हतं, त्या एका शब्दावर प्रत्येकाने लांबच लांब तान लावली होती, पण सर्कसवाल्याने कमाल केली होती. त्याची राणी वाऱ्याबरोबर वर चढायची, खाली उडी मारायची, पुन्हा चढायची. दुःख करायला तिला फुरसतच नव्हती.

आणि तिसरा कंजूस. त्याच्याकडे चेलो आणि हार्पसिकॉर्ड, पियानोच्या आधीची ती किणकिणती पेटी, बस्स. बाकी तिघे राणीने तोंड उघडायच्या आधी वाद्यांना चांगलं मिनिटभर वाजवू देतात. हा पठ्ठ्या पहिल्याच ठोक्याला तिला गायला लावतो. त्याचा ‘वारा’ही लांब, एका दमात गायचा, पण सरळ, विरत जाणारा. दुसऱ्या भागात तर त्याने राणीला श्वास टाकायलाही जागा ठेवली नव्हती. ‘लावणार नाही, दार लावणार नाही,’ असं ती सलग म्हणत जाते. चौघांमध्ये काकांना खरा आवडायचा तो हाच. पण त्याच्या वाट्याला जायचं त्यांच्या जिवावर यायचं.

चारही चाली, तिसरी आपल्या जुन्याच कागदांवरून, एकाखाली एक मांडल्यावर जे एकतीस वर्षांत दिसलं नव्हतं ते दिसलं. तापट, गोडबोल्या, सर्कसवाला, तिघांच्याही दुसऱ्या भागानंतर परतीची खूण होती, आणि परत गेल्यावर आधी वाद्यं वाजत होती. तेवढ्यात गाणारी दोन-चार श्वास घेणार, घसा ओला करणार, उभी राहणार. कंजुसाची राणी दुसरा भाग धापा टाकत संपवते आणि परत जाते ती थेट ‘जा’वर, तिथून ‘वाऱ्या’च्या लांब तानेवर. मध्ये पापणी लवायचीही उसंत नाही. इतका जाणता संगीतकार असं का करेल?

काकांनी त्याच्या वहीचा एव्हाना आलेला फोटो उघडला. शेवटचं पान. दोन जाड उभ्या रेघा आणि खाली संगीतकाराने मारलेला झोकदार फराटा. परतीची खूण नव्हती.

त्यांनी फोटो मोठा केला. पान फाटलेलं असेल, कोपरा दुमडलेला असेल, शाई उडाली असेल, काहीतरी असेल म्हणून ते अर्धा तास शोधत राहिले. पान धडधाकट होतं. पुढच्या पानावर दासीचा प्रवेश सुरू होत होता. राणीने ‘दार लावणार नाही’ म्हटलं आणि गाणं तिथेच, अर्धवट वाटेल अशा सुरावर, संपलं. सगळ्या कंजूसपणात त्याने हाही एक कंजूसपणा केला होता, आणि तोच त्याच्या गाण्याचा प्राण होता.

मग ते उठले आणि कपाटातून जुने कागद काढले. गायिकेचा, चेलोचा, हार्पसिकॉर्डचा. तिन्हींवर परतीची खूण होती, शेपटी जरा डावीकडे वळवलेली. अशी शेपटी या इमारतीत एकच माणूस काढत असे. त्या हंगामात त्यांनी पस्तीसेक आरिया उतरवल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी खूण. छत्तिसाव्या वेळी हाताने वहीला विचारलंच नाही. काकांनी तिन्ही कागद टेबलावर पालथे घातले.

कारण तेव्हा ती राणी झाली होती त्यांची सख्खी मोठी बहीण.

ताई या नाटकगृहात नऊ वर्षं समूहात गात होती, मागच्या रांगेत, कधी गवळण, कधी सैनिकाची विधवा. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिला मोठी भूमिका मिळाली. तालमी चालू असताना एक दिवस ती जिना उतरून तळघरात आली होती. “बाळ, इथे श्वास कुठे घ्यायचा रे?” तिने विचारलं होतं. “दुसरा भाग संपतो न संपतो तोच परत पहिली ओळ. तू जरा मूळ वही बघतोस का?” मूळ वहीच्या फोटोंची फिल्म तेव्हा टेबलाच्या खणात होती. हात लांब करायचा अवकाश. पण बाळ अठ्ठावीस वर्षांचा होता, कामाने त्याच्या नाकी नऊ आले होते आणि आपल्या कागदावर त्याचा फार विश्वास होता. तो म्हणाला, “लिहिलंय तसं गा, ताई. संगीतकाराला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

पहिल्या प्रयोगाला परतताना ‘वाऱ्या’वर तिचा दम संपला. आवाज फाटला नाही, बेसूर झाला नाही, नुसता संपला, आणि चेलो एकटाच वाजत राहिला. दुसऱ्या प्रयोगाला तेच, कारण आता भीतीही होती. तिसऱ्या प्रयोगापासून दुसरी बाई उभी राहिली. ती चतुर, शब्दाचे मधेच दोन तुकडे करून चोरून श्वास घ्यायची. महिन्याभरात ताईने नाटकगृह सोडलं. त्यानंतर ती घरी शिकवण्या करत आली. लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, आणि गेली सहा वर्षं ती भावाच्या दोन खोल्यांत राहत होती. तिचं दुखणं नको निघायला म्हणून काकांनी त्या गाण्याचा विषय कधी काढला नाही. तिनेही नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

आता गंमत बघा. गप्प बसणं अगदी सोपं होतं. जुन्या कागदांवरची खूण ब्लेडने खरवडायला दहा मिनिटं पुरली असती. ताई नाटकगृहाची पायरी चढत नव्हती. तेव्हाचे लोक पांगले होते. काकांनी ब्लेड काढलंसुद्धा, कागदाला लावलंसुद्धा. पण अंगठा वळेना, की मन वळेना, कोण जाणे. त्यांनी ते परत डबीत ठेवलं.

कंडक्टरबाईंना मात्र हर्ष झाला. “परत जायचंच नाही! काका, काय शोध लावलात! बाकी तिघांची राणी ‘जा’ म्हणून संपते, याची ‘दार उघडं आहे’ म्हणून. पण मग इथे पूर्वी झालं ते?”

“नकलेत चूक होती.”

“कोणाची?”

“होती एकाची,” काका म्हणाले, आणि पाइप बघायचं निमित्त काढून त्यांनी काढता पाय घेतला.

तीन दिवस ते घरात चोरासारखे वावरले. सांगितलं तर ताई काय करेल याचा अंदाज येत नव्हता. चिडली तर ठीक, पण बोलणंच टाकलं तर? या घरात दुसरं बोलायला होतं कोण? सकाळचा चहा, संध्याकाळचं जेवण, पेपरातलं कोडं, सगळं तिच्याशीच. आणि नाही सांगितलं, तर उरलेला जन्म तोच चहा तिच्यासमोर बसून प्यायचा.

रविवारी ताईकडे दातांची डॉक्टर शिकायला यायची. चाळिशीची बाई, आठवडाभर दुसऱ्यांचे आ वासलेले जबडे बघून रविवारी स्वतः आ करायला येणारी. काका आतल्या खोलीत पेपर उघडून बसले होते. बाहेर डॉक्टरीणबाईंचा दम एका ओळीत संपला. त्या हसून म्हणाल्या, “हे गाणंच दुष्ट आहे हो.”

“गाणं कधी दुष्ट नसतं,” ताईचा आवाज आला. “दम पुरला नाही तर दोष आपला. गाण्याला नावं ठेवायची नाहीत. पुन्हा.”

काकांना पेपरातलं एक अक्षर दिसेना.

डॉक्टरीणबाई गेल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ताई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली. काका समोर येऊन बसले, पण शेंगांना हात लावला नाही.

“ताई, एक सांगायचंय.”

“सांग की. तोंड असं का केलंयस? तिने दात काढायला सांगितला का तुझा?”

“राणीच्या गाण्यात परत जायचं नव्हतं,” काका एका दमात म्हणाले. “मूळ वहीत खूण नाहीये. ती मी घातली. सवयीने.”

ताईचे हात थांबले. कुठली राणी, असं तिने विचारलं नाही.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“खाली येऊन विचारलं होतं. काय म्हणाला होतास तू?”

काकांनी टेबलावरची सालं एका बाजूला सारली.

“बोल ना. काय म्हणाला होतास?”

“लिहिलंय तसं गा.”

“आणि लिहिलं होतंस तूच.”

ती उठली, मोरीपाशी गेली, नळ सोडला, बंद केला. पाठमोरी उभी राहूनच बोलली. “ह्यांनी किती वेळा सांगितलं, दुसऱ्या नाटकगृहात जाऊन बघ. मी म्हटलं, नको, माझ्यातच दम नाही. डॉक्टरांकडून छाती तपासून घेतली होती मी, माहितीय तुला? काही निघालं नाही. मला वाटलं, डॉक्टरला काय कळतंय.”

“माफ कर, ताई.”

“नाही करणार,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आज तर नाहीच. उद्याचं उद्या बघू. फार दमले रे मी.”

ती परत येऊन बसली. दोघांच्या मध्ये मटारांची टोपली तशीच पडून होती. काही वेळाने तिने विचारलं, “पुस्तिकेत काय लिहिणार आहेस?”

“पूर्वीच्या नकलेत चूक होती, असं.”

“कोणाच्या नकलेत?”

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“नाव घाल. तुझं घाल, आणि माझंही. कोण गायलं होतं, कोणी उतरवलं होतं. कागद घे. माझ्यासमोर लिही.”

काकांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. एकतीस वर्षांपूर्वी याच रंगमंचावर हे गाणं कोणी गायलं ते, आणि मुळात नसलेली परतीची खूण नक्कल करताना कोणी घातली ते. आधी तिचं पूर्ण नाव, मग स्वतःचं. पस्तीस वर्षांत हजारो पानं उतरवली, पण त्यांचं नाव कुठल्याच पानावर आलं नव्हतं. आलं ते असं. ताईने वाचून बघितलं आणि मान हलवली.

“आता ते दाखव.”

काकांनी पिशवीतून मूळ वहीतल्या त्या गाण्याच्या पानांच्या छापील प्रती काढल्या. ताईने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ मिटलेले, पण जिथे श्वास घ्यायचा तिथे खांदे किंचित वर जात होते. ‘वाऱ्या’वरून बोट न अडखळता पुढे सरकलं. दुसरा भाग आला. ‘दार लावणार नाही’ला बोट दोन जाड रेघांवर येऊन थांबलं, आणि तिने घाईघाईने छाती भरून घेतली, परत जायला. मग तिच्या ध्यानात आलं. भरलेला श्वास तिने हळूहळू सोडला.

“इथे संपतं?”

“इथेच.”

“इथपर्यंत कशी गायले होते रे मी? तू विंगेत उभा होतास ना?”

काकांना ते काल घडल्यासारखं आठवत होतं. “तू ‘दार लावणार नाही’ म्हणालीस, तेव्हा अख्ख्या सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही,” ते म्हणाले. “पडदेवाला दोर हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, ही माझी बहीण नव्हेच, कोणीतरी दुसरीच आहे. तितकं चांगलं मी या इमारतीत पुन्हा ऐकलं नाही. त्याआधी नाही आणि नंतरही नाही.”

“म्हणजे माझं गाणं गाऊन झालं होतं.”

“झालं होतं, ताई. पूर्ण झालं होतं.”

ताईने चष्मा काढला आणि भावाकडे बघितलं.

“हे सांगायला तुला मूळ वही लागली?” तिने विचारलं.